पिंग जातंय, फोल्डर उघडत नाही

शुक्रवार, रात्री साडेअकरा

आज कारखान्यात तीन नवे विंडोज ११ पीसी लावले आणि अख्खा दिवस एका फोल्डरपायी गेला. ड्रॉइंगचा फोल्डर. तो अजून कोपऱ्यातल्या विंडोज सर्व्हर २००३ वरच आहे. पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारली, की चारही रिप्लाय व्यवस्थित. फोल्डर उघडायला जावं तर नेटवर्क पाथ सापडत नाही म्हणे. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. दुपारी कुठे डोक्यात प्रकाश पडला.

जोडणी होताना दोन्ही मशीन आधी एकमेकांना विचारतात, तुला कोणती बोली येते? नेटवर्कवर फायली शेअर करायची विंडोजची पद्धत म्हणजे एसएमबी, आणि तिच्या आवृत्त्यांना नावच ‘डायलेक्ट’ म्हणजे बोली आहे. आमच्या सर्व्हरला फक्त एसएमबी १ येते, आणि ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळात टाकलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने शिरला होता, ब्रिटनमधली हॉस्पिटलंसुद्धा अडली होती. ही वाट बंद केली ते योग्यच झालं.

पण शॉपफ्लोअरवर काम थांबत नाही. व्हीएमसी मशीनवर धातूचे भाग कापणारे काका येऊन म्हणाले, “झालं का हो? बोअरचा टॉलरन्स तेवढा बघायचाय.” म्हणजे भोकाच्या मापात किती फरक चालेल ते. घाईत पेनड्राइव्हवरून प्रिंट काढून दिली. ती निघाली ड्रॉइंगची जुनी आवृत्ती, रिव्हिजन सी. चालू आहे डी. दोन जॉब, म्हणजे तयार झालेले भाग, रिजेक्ट. काका काही बोलले नाहीत, दोन्ही जॉब पुसून बाजूला ठेवले. ते मला फार लागलं.

विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १ वर टिक मारून मोकळं व्हा, असं मालक म्हणाले. मी नाही म्हणालो. ज्या सर्व्हरचा सपोर्ट जुलै २०१५ मध्येच संपला, त्याच्यासाठी तीन नवी मशीन धोक्यात घालायची? सर्व्हर बदला, हे मी दर दिवाळीला सांगतो. ‘चालतोय ना’ एवढंच उत्तर मिळतं. चीड येते ती याची.

शेवटी एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं. त्याला दोन नेटवर्क कार्डं: एकात थेट सर्व्हरची केबल, दुसऱ्यात ऑफिसचा स्विच. सर्व्हरचा फोल्डर लिनक्सला जोडताना (माउंट करताना) एसएमबीची आवृत्ती १.० असं स्पष्ट लिहिलं, तेव्हा कुठे सर्व्हर बोलला. आता ड्रॉइंग्ज त्यावर कॉपी होतायत आणि पुढे सांबा या लिनक्सवरच्या फाइल शेअरिंग सॉफ्टवेअरमधून एसएमबी ३ ने पीसींना दिसतायत. बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश बंद, प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड.

निघताना रिव्हिजन डीची प्रिंट काढली, बोअरच्या आकड्याला पेनाने गोल केला आणि काकांच्या व्हर्नियरच्या डबीखाली ठेवून आलो. कॉपी अजून चालू आहे. सकाळी फायली मोजायच्या आहेत.