मुंबईचे बारा केव्हा वाजतात?

मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, असे वर्षातून दोनदा मुंबईत सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि गच्चीवर उभ्या ठेवलेल्या नळीची सावली तिच्याच बुडाशी गुडूप होते. शून्य सावलीचा हा दिवस मुलांना दाखवावा म्हणून हल्ली पुष्कळ पालक हौसेने गच्चीवर जमतात, आणि त्यांच्यातील एखादा नवखा हमखास बाराच्या ठोक्याला येऊन उभा राहतो. त्याला ताटकळावे लागते, कारण मे महिन्यात हा क्षण घड्याळाच्या हिशेबाने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येतो. जुलैत तर पाऊण वाजतो. पण तेव्हा मुंबईत सूर्य दिसण्याचीच मारामार असते.

याचे कारण शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी वाचलेले असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ते उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई या रेषेच्या पश्चिमेला पावणेदहा अंशांच्या आसपास असल्यामुळे मिर्झापूरचा सूर्य मुंबईच्या माथ्यावर यायला सरासरी ३९ मिनिटे लागतात. पुण्याला हा फरक सुमारे ३५ मिनिटांचा, नागपूरला १४ मिनिटांच्याही आतला. म्हणजे एकाच राज्यातील मुंबई आणि नागपूर या दोन शहरांच्या माध्यान्हीत पंचवीस मिनिटांचे अंतर आहे, आणि तरीही दोन्हीकडच्या कचेऱ्या एकाच ठोक्याला उघडतात. हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की याच ३९ मिनिटांवरून मुंबईत एके काळी गिरण्यांवर दगडफेक झाली होती, हे सांगूनही खरे वाटत नाही.

रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाचे बारा त्या गावाचा सूर्य वाजवीत असे आणि त्यात कोणाची काही अडचण नव्हती. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे होती. बैलगाडीने किंवा गलबताने प्रवास करणाऱ्याला या फरकाचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. पण १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, पुढच्या दोन दशकांत लोहमार्ग देशभर पसरले, आणि हजार मैल धावणाऱ्या गाडीचे वेळापत्रक कोणत्या गावच्या घड्याळाने छापायचे असा प्रश्न उभा राहिला. मद्रास मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध होते, तिथे जुनी वेधशाळा होती आणि तिची वेळ तारेने सर्वत्र पाठवता येत होती. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. परिणामी मुंबईत स्टेशनाच्या आतले घड्याळ आणि बाहेर शहरातले घड्याळ यांत अर्ध्या तासाचे अंतर पडले. गाडी पकडायची असेल तर मद्रास आणि दुकान उघडायचे असेल तर मुंबई, असा दुहेरी हिशेब लोक करू लागले, आणि तो त्यांनी बिनतक्रार केला.

तक्रार सुरू झाली ती सरकारने हा हिशेब एकेरी करायचे ठरवल्यावर. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतील सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. शहरात एकच नाराजी उसळली. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरही वादंग माजला, आणि अखेर १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. गव्हर्नरच्या हुकुमाला न जुमानता एका शहराने आपल्या घड्याळाचे काटे मागे फिरवून घेतले, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. आणि ती काँग्रेसच्या स्थापनेच्या आधीची आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खरी लढाई मात्र १९०६ ची. त्या वर्षी १ जानेवारीपासून ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास अशी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. सरकारी कचेऱ्यांनी काटे ३९ मिनिटांनी पुढे सरकवले; मद्रासच्या वेळेवर चालणाऱ्या रेल्वेला ते नऊच मिनिटे सरकवावे लागले. काळ कोणता होता ते पाहिले म्हणजे पुढच्या घटनांचा उलगडा होतो. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती, आणि वरून आलेल्या प्रत्येक हुकुमाकडे लोक संशयाने पाहत होते. त्यात ही वेळ आली. फाळणीने प्रांत तोडला तसा या हुकुमाने आपला दिवसही ताब्यात घेतला, अशी भावना झाली असल्यास नवल नाही.

पण सुशिक्षितांचा संताप आणि गिरणी कामगारांचा संताप यांची जात वेगळी होती, आणि मला दुसरा अधिक समजण्याजोगा वाटतो. गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजू लागला तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे लवकर, म्हणजे जानेवारीच्या पहाटे पुरत्या काळोखात, चाळीतून बाहेर पडावे लागणार होते. संध्याकाळी तो तेवढाच लवकर सुटेल असे कागदावर म्हणता येई. परंतु नेमक्या त्याच सुमारास, १९०५ च्या आसपास, मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि अंधार पडला म्हणून काम थांबवण्याची मालकांची गरज संपली होती. दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबू लागला होता. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची कायदेशीर मर्यादा येण्यास १९११ चा फॅक्टरी कायदा उजाडावा लागला. अशा वेळी कोणी घड्याळाला हात लावला तर तो आपल्या झोपेला हात लावतो आहे, हे ओळखायला शिक्षण लागत नाही. जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगारांनी काम बंद ठेवले आणि गिरणीवर दगड फेकले. शहरात सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले.

ज्या महापालिकेवर फिरोजशहा मेहता यांचा दबदबा होता, तिने त्याच वर्षी आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवरच ठेवण्याचे ठरवले. तेव्हापासून शहरात दोन वेळा नांदू लागल्या: स्टेशनावर आणि सरकारी कचेरीत प्रमाणवेळ, मंडईत आणि महापालिकेत मुंबईची वेळ. लग्नपत्रिकेवर किंवा सभेच्या जाहिरातीत वेळेपुढे कंसात ‘स्टँ. टा.’ किंवा ‘मुं. टा.’ असे लिहिल्याशिवाय माणसे वेळेवर पोचतील याची खात्री नसे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची वेळ अनधिकृतपणे १९५५ पर्यंत टिकली, म्हणजे परका राज्यकर्ता गेल्यानंतरही आठ वर्षे. पारशी अग्यारींमधून तर ती त्यानंतरही पाळली गेली, कारण त्यांच्या दिवसाचे पाच गेह, म्हणजे प्रार्थनेचे प्रहर, सूर्याच्या स्थितीवर ठरतात आणि त्यासाठी मिर्झापूरच्या सूर्याचा काही उपयोग नसतो.

या वादात एक गोष्ट मला नेहमी खटकते. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की मुंबईची वेळ ही निसर्गाची वेळ आहे आणि प्रमाणवेळ ही कृत्रिम आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे पुरते खरे नव्हते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळासारखा नियमित चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर तो सरासरीपेक्षा सुमारे चौदा मिनिटे मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे पुढे असतो. आजच्या प्रमाणवेळेने मुंबईची माध्यान्ह फेब्रुवारीत १२ वाजून ५३ मिनिटांपर्यंत लांबते आणि नोव्हेंबरात १२ वाजून २२ मिनिटांवर येते. म्हणजे जिच्यासाठी मुंबईकर भांडले ती वेळही एक सरासरीच होती, गणिताने काढलेली. खऱ्या सूर्यावर चालणारा हिशेब आपल्याकडे होता तो पंचांगाचा आणि घटिकापात्राचा: सूर्योदयापासून घटिका मोजायच्या, साठ घटिकांचा दिवस, आणि मुहूर्त साधायचा तर पाण्यावर तरंगणारे भोकाचे भांडे बुडण्याची वाट पाहायची. पंचांग आजही एका गावासाठी गणित करते आणि इतर गावांच्या लोकांना त्यात मिनिटांची भर किंवा वजावट करायला सांगते. गंमत अशी की नागपूरचा माणूस लग्नाच्या मुहूर्तासाठी हा फरक बिनचूक काढतो आणि कचेरीला जाताना विसरतो.

तेव्हा निसर्ग विरुद्ध कृत्रिम हा खरा मुद्दा नव्हताच. घड्याळातील बारा हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे, आणि मुंबईची हरकत कराराला नव्हती, तो आपल्याला न विचारता झाला याला होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सरकारने साऱ्या देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे केले होते. त्या हिशेबाने मुंबईचा सूर्य सरासरी एक वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येई.

आज हीच तक्रार देशाच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू येते, फक्त उलट्या दिशेने. भारत पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश पसरला आहे, म्हणजे कच्छच्या आणि अरुणाचलच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक. अरुणाचलच्या पूर्व टोकाला डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कचेरी सुटायच्या आत रात्र होते आणि सकाळचे दोन-तीन तास ऊन वाया जाते. आसामातील चहाच्या मळ्यांनी यावर आपला तोडगा कधीच काढला आहे: तिथे ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. स्वतंत्र कालविभागासाठीची याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. पुढच्याच वर्षी देशाची प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्य भारतासाठी ग्रीनिचच्या पुढे साडेसहा तासांची दुसरी प्रमाणवेळ तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचे लिहिले, आणि दोन वेळांची सीमा पश्चिम बंगाल व आसाम यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यातून नेता येईल असे सुचवले. तिथून थोडेच लोहमार्ग जातात, त्यामुळे गाड्यांचा घोटाळा कमी होईल हा त्यामागचा विचार. रेल्वेसाठी वेळा एक झाल्या होत्या आणि दोन करायच्या तर पुन्हा रेल्वेलाच विचारावे लागते.

मला हा तोडगा न्याय्य वाटतो. त्याहून अधिक मांडली जाणारी दुसरी सूचना मात्र मुंबईकर म्हणून मला धास्तावते. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधकांनी संध्याकाळच्या विजेची बचत होईल म्हणून साऱ्या देशाचेच घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे सहा तास, न्यावे असे सुचवले आहे. विजेचे गणित त्यांनी काळजीपूर्वक मांडले आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. पण मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य आताच सव्वासातला उगवतो. नव्या घड्याळात तो पावणेआठला उगवेल. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. घड्याळ पुढे गेले तर सूर्याच्या हिशेबाने ते नऊ पुन्हा आजचे साडेआठ होतील, आणि सात वाजता भरणारी माध्यमिक शाळेची सकाळपाळी आजच्या साडेसहाला.