आमची वाटचाल: आधी नंबर, मग पॉलिश

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यावर पाटी आहे शीट मेटल वर्क्सची. आमच्याबद्दल ऐकून आलेला माणूस आत डोकावतो आणि विचारतो, "विमानं कुठायत?" विमान आमच्याकडे अख्खं कधीच येत नाही. येतो तो दाराचा पत्रा, एखादं चाक, काच फुटलेलं अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र), नाहीतर कुणाच्या तरी आजोबांनी दिवाणखान्यात टांगलेलं प्रोपेलरचं पातं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे असे अवशेष ओळखणं, सांभाळणं आणि गरज असेल तेवढेच दुरुस्त करणं हे आमचं काम. पोट मात्र आजही बऱ्याच अंशी डक्टिंग आणि पॅनल बॉक्सवर चालतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

गाळा वडिलांनी घेतला. त्याआधी ते सांताक्रूझला हँगरमध्ये शीट मेटल मेकॅनिक होते. रिव्हेटिंगला, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी पत्रे जोडायला, त्यांचा हात इतका बसलेला, की नुसत्या आवाजावरून रिव्हेट नीट बसला की नाही ते सांगायचे. विमानांशी आमचं नातं एवढंच होतं. धंद्याला वळण मिळालं ते सिनेमाच्या एका आर्ट डिपार्टमेंटमुळे. त्यांना युद्धकाळातलं कॉकपिट उभं करायचं होतं. त्यासाठी चोर बाजार पालथा घातला आणि तिथल्या व्यापाऱ्यांशी ओळख झाली. मग तेच काहीबाही पाठवू लागले: "शेठ, हे कशाचं आहे तेवढं सांगा." त्यांना भाव ठरवायचा असे, आम्हाला छंद लागला. काम विकायचं असेल तर तुकड्याचं नाव सांगता आलं पाहिजे, हे तेव्हाच कळलं.

नाव सापडतं ते नंबरांतून. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या भागांवर पार्ट नंबरच्या सुरुवातीला बहुधा डिझाइनचा टाइप क्रमांक असतो. ३०० म्हणजे मार्क एकचं, म्हणजे पहिल्या आवृत्तीचं, मूळ डिझाइन, ३४९ म्हणजे मार्क पाच, ३६१ म्हणजे मार्क नऊ. पण मार्क नऊवर ३०० चा भागही सर्रास सापडतो, कारण जुनं डिझाइन चालत होतं तिथे कारखान्याने ते बदललंच नाही. म्हणून एका नंबरावर आम्ही निकाल देत नाही. कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्याचा शिक्का, रंगाचे थर, स्क्रूचे आटे, सगळं जुळवून बघतो. अमेरिकन पत्र्याच्या आतल्या बाजूला 'अलक्लॅड २४ एस-टी' अशी पत्र्याची जात सांगणारी शाईची अक्षरं आजही वाचता येतात. इंजिन असेल तर सिलिंडर मोजायचे: स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचे बारा, डाकोटा हे मालवाहू आणि लिबरेटर हे बॉम्बर विमान यांच्या ट्विन वास्प इंजिनाचे चौदा, सी-४६ या मालवाहू विमानाच्या डबल वास्पचे अठरा.

हे ज्ञान सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते ईशान्येकडून आलेल्या तुकड्यांना. १९४२ ते १९४५ या काळात आसामातल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाचा पूर्वेकडचा भाग ओलांडून चीनमधल्या कुन्मिंगला रसद जात होती. वैमानिक त्या वाटेला 'हंप', म्हणजे उंचवटा, म्हणत. त्या वाटेवर सुमारे ६०० विमानं कोसळली किंवा बेपत्ता झाली. बरीचशी अरुणाचलच्या आणि म्यानमारच्या डोंगरांत पडली. गावकऱ्यांनी त्या पत्र्याची भांडी केली, छपरं शाकारली. त्यात चूक काय? धातू चांगलाच होता. असा पत्रा कुणी आणला आणि नंबर २० ने सुरू होत असेल तर सी-४६ चा संशय घ्यायचा, ३२ असेल तर लिबरेटर कुटुंबाचा.

मात्र थेट अपघाताच्या जागेवरून काढलेला भाग आम्ही घेत नाही. त्या वैमानिकांपैकी कित्येकांचे देह अजून सापडलेले नाहीत आणि अमेरिकेचं संरक्षण खातं आजही त्यांचा शोध घेतंय. अशा ठिकाणी आधी जिल्हा प्रशासनाला कळवायचं. आपल्याकडे पुरावस्तू ठरायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे शंभर वर्षं लागतात, म्हणजे १९४३ चं विमान त्यात बसत नाही. तोवर बिचारं किलोच्या भावाने भंगारात जाऊ शकतं. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांना आम्ही सांगून ठेवलंय: रिव्हेटांच्या रांगा दिसल्या की कापण्याआधी फोन कर.

खरं नुकसान मात्र भंगारवाला करत नाही, हौशी माणूस करतो. तो बफिंग मशीन लावतो. अलक्लॅड म्हणजे मजबूत मिश्रधातूवर दोन्ही बाजूंनी चढवलेला शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. गंजापासून राखण तोच करतो. चकाकी आणायच्या नादात तो घासला जातो, सोबत शाईची अक्षरंही जातात, आणि हिरवट-पिवळ्या झिंक क्रोमेट प्रायमरची (रंगाखालच्या अस्तराची) विषारी धूळ फुफ्फुसात जाते ती वेगळीच. चाकांसारखे ओतीव भाग मॅग्नेशियमचे असले तर त्यांचा कीस पेट घेऊ शकतो. त्यामुळे आमच्याकडे पहिले काही दिवस फक्त फोटो, मापं आणि मऊ ब्रश. हे ऐकून काही गिऱ्हाइकं वैतागून जातात. जाऊ देतो.

जोडकाम करावंच लागलं तर जुन्याच पद्धतीने करतो. काही जातींचे रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात झटकन थंड केले की मऊ होतात, पण बाहेर ठेवले की थोड्याच वेळात कडक व्हायला लागतात. म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवतात. गाळ्यात नवा आलेला प्रत्येक पोऱ्या उन्हाळ्यात एकदा तरी तो फ्रीझर आइस्क्रीमच्या आशेने उघडतो.

ऑफिसात एकच मोठा फोटो आहे, लिबरेटरचा. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ही बॉम्बर विमानं पुन्हा उडू नयेत अशी मोडतोड करून टाकली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसच्या आसपास विमानं उभी केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज परदेशी संग्रहालयांत दिसणारी काही लिबरेटर ही त्यांतलीच. तो कारखाना १९४० मध्ये काढला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जुन्या विमानांची दुरुस्ती ही परदेशी हौस आहे असं म्हणणाऱ्याला मी त्या फोटोखाली बसवून चहा देतो.

सध्या टेबलावर एका संग्राहकाचं डायलचं पॅनल आहे. त्यातल्या दोन घड्याळांचे आकडे रेडियमच्या रंगाचे आहेत. ती चमक कधीच विझली, पण किरणोत्सारी रेडियम तसंच आहे. ते निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. असे डायल आम्ही स्वतः उघडत नाही. रेडिएशन सुरक्षिततेची परवानगी असलेल्या लोकांकडूनच ते काम होतं, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो. तुमच्या घरी असं काही असेल तर काच काढू नका, रंग खरवडू नका. मागच्या बाजूच्या नंबराचा स्पष्ट फोटो काढा आणि आधी तो आम्हाला दाखवा.