आमची वाटचाल: एकशे तीसवर वाजणारा पाना

पुण्यात नाना पेठेत गाळा घेतला २००९ साली. दहा बाय बाराची जागा, पुढे काउंटर, मागे रॅक. आजूबाजूला सगळे स्पेअर पार्टवाले. पार्ट विकायचे नाहीत, फक्त हत्यारं विकायची, हे मी आणि अण्णांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. अण्णा म्हणजे माझे भागीदार. पिंपरीच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा चाकं बसवण्याच्या स्टेशनवर. पैसे मी घातले आणि हात त्यांचा. कुठलाही पाना ते आधी हातात तोलून बघत, गोटीचं, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटचं, तोंड उजेडात धरत आणि मगच रॅकवर ठेवू देत.

डॉक्टर पहिल्यांदा आले ते २०१२ च्या पावसाळ्यात. कोथरूडला दवाखाना. सेकंडहँड घेतलेली पोर्श बॉक्स्टर, ९८७ मॉडेल, ही त्यांची आयुष्यभराची हौस. वाटेत पंक्चर झालं आणि एका दुकानात हवेच्या गनने बोल्ट आवळून दिले. ते बोल्ट नंतर कुणाला सुटेनात. कुणीतरी बारा कोनांची गोटी लावून जोर केला आणि एका बोल्टचं डोकं गोल झालं. तो बोल्ट खिशातून काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

अण्णांनी तो दोन वेळा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही गोटीची चूक. यापुढे चाकाला दुसऱ्याचा हात लागू देऊ नका. मी शिकवतो."

खरोखरच शिकवलं. तीन रविवार डॉक्टरांच्या पार्किंगमध्ये जाऊन शिकवलं. आमच्याकडचा घरी चाक बदलायचा सेट त्यातूनच तयार झाला. आज ऑनलाइन पाहाल तर तसे पन्नास सेट दिसतील, पण प्रत्येक वस्तू का घेतली याचं उत्तर देणारे आम्ही होतो, हे मी अभिमानाने सांगतो.

पहिला जॅक. अशा गाडीचं पोट जमिनीला लागलेलं असतं, साधा ट्रॉली जॅक खाली शिरतच नाही. खाली केल्यावर ज्याची उंची पंचाहत्तर-ऐंशी मिलिमीटर राहते, तोच घ्यायचा. त्याच्या वाटीवर रबराची गादी हवी, नाहीतर जॅक पॉइंटची कड चेपते. जॅक फक्त उचलायला असतो. गाडी उचलली की स्टँड लावायचे, गॅरेजातली पोरं ज्यांना घोडी म्हणतात ते. हायड्रॉलिकचं एक सील गेलं की गाडी खाली येते, आणि ती कुणाला सांगून येत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालणारा माणूस मला दिसला की मी अजूनही ओरडतो.

मग गोटी. या गाडीला एकोणीसची लागते. सहा कोनांची, इम्पॅक्टची, पातळ भिंतीची आणि बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेली. बोल्ट अलॉयच्या खोल भोकात बसलेला असतो. उघडी गोटी फिरली की रंग गेलाच. सोडवायला लांब ब्रेकर बार, म्हणजे नुसता जोर लावायचा दांडा. टॉर्क पान्याने, म्हणजे लावून ठेवलेल्या आकड्याइतका जोर पडला की कट्ट वाजणाऱ्या पान्याने, बोल्ट सोडवायचा नाही, आतली स्प्रिंग त्यासाठी नसते.

आणि गाइड पिन. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, बाहेर आलेले आट्यांचे स्टड असतात, चाक त्यावर टांगता येतं. या गाडीला नुसते बोल्ट. वीस किलोच्या आसपासचं चाक एका हाताने धरायचं, भोकं जुळवायची आणि दुसऱ्या हाताने बोल्ट लावायचा. चाक सटकलं तर ब्रेकच्या डिस्कवर आपटतं. सिरॅमिक डिस्क असेल तर तिचा टवका उडतो, आणि तिची किंमत ऐकली की माणूस खाली बसतो. चौदा बाय दीडच्या आट्याची साधी पिन हबमध्ये फिरवली की चाक तिच्यावर टांगून राहतं. अण्णांनी पहिली पिन भोसरीत लेथवर करून घेतली होती. ती विकली नाही, दुकानात ठेवली आहे.

शेवटी टॉर्क पाना. अर्धा इंच ड्राइव्ह, म्हणजे गोटी बसते तो चौकोन, आणि चाळीस ते दोनशे न्यूटन मीटर, म्हणजे आवळण्याच्या जोराचं माप. डॉक्टरांच्या गाडीला एकशे तीस लागतात. पोर्शच्याच ९११ ला, ९९१ या पिढीपासून पुढे, पाच बोल्टची चाकं असतील तर एकशे साठ. तिच्याच जीटी३ ची मधल्या एकाच नटाची चाकं असतील तर सहाशे. सहाशे म्हणजे सव्वा मीटरच्या दांड्यावर जवळजवळ पन्नास किलोचा जोर, आणि आत ब्रेक दाबून बसलेला दुसरा माणूस. ते काम घरी करू नका असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, माल विकला नाही गेला तरी चालेल.

पुढची पाच-सहा वर्षं धंदा सरळ चालला. २०१८ सालाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे.

त्या वर्षी एका आयातदाराकडून साठ टॉर्क पाने घेतले. एक पाना बेचाळीसशेला, म्हणजे अडीच लाखांच्या वर रक्कम एकाच मालात अडकली. प्रत्येक डबीत तपासणीचा दाखला होता. सदतीस पाने विकले गेले. त्यातला एक डॉक्टरांनी मित्राला भेट द्यायला नेला. देण्याआधी त्यांनी स्वतःच्या गाडीवर वापरून पाहिला. एकशे तीसवर लावला, कट्ट आवाज आला. मग त्याच बोल्टवर आपला जुना पाना एकशे तीसला लावून ठेवला. खरं तर तो जागेवर वाजायला हवा होता. बोल्ट पाव फेरा फिरला आणि मग वाजला.

रात्री साडेनऊला फोन आला. "अण्णांना विचारा, कुठला पाना खोटं बोलतोय?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाने आणि दुकानातले आणखी चार घेऊन आम्ही भोसरीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेलो. अशा पान्याला चार टक्के इकडे-तिकडे चालतं. आमचे नवे पाने एकशे तीसवर लावले की एकशे दोन ते एकशे आठच्या मध्ये वाजत होते. डॉक्टरांचा जुना एकशे एकोणतीसला. म्हणजे सदतीस घरांत माणसं निर्धास्तपणे बोल्ट ढिले ठेवत होती.

बिलबुक उघडलं आणि एकेकाला फोन लावला. पस्तीस पाने परत आणले, रोख पैसे परत दिले. कोल्हापूरचा एक पाना आणायला अण्णा स्वतः एसटीने गेले. एक गिऱ्हाईक परदेशी गेलं होतं, त्यांना पत्र पाठवलं. एकाने फोनच उचलला नाही. त्याचं बिल मी आजही वेगळं ठेवलं आहे.

आयातदाराने हात वर केले. गोदामातून बाहेर पडलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही, असं त्याने लेखी दिलं. ते मी समजू शकतो, व्यापारात तशी माणसं भेटतात. जे अजून सलतं ते वेगळंच. आमच्याकडे चार वर्षं काउंटर सांभाळलेल्या, अण्णांनी पाना धरायला शिकवलेल्या माणसाने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं होतं. त्याने त्याच आयातदाराकडचे उरलेले पाने उचलले आणि आमच्यापेक्षा सातशे रुपये कमी भावाने विकले. डबीत दाखल्याची झेरॉक्स. मी तीन डब्या पाहिल्या, तिन्हींवर एकच सीरियल नंबर. वर आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होता, "त्यांचा माल खोटा निघाला, परत घेताहेत, ऐकलं ना?" माल परत घेतला म्हणून आम्ही खोटे ठरलो. तोच माल विकणारा खरा ठरला. सहा महिने आमच्या दुकानात दिवसाला चार माणसं येत नव्हती.

गाळ्याचं भाडं थकलं. अण्णांनी मला न विचारता प्रॉव्हिडंट फंडातले एक लाख ऐंशी हजार दुकानाच्या खात्यात भरले. मी रागावलो तर म्हणाले, "अकरा वर्षं चाकं बसवली, एक सुटलं नाही. आता सुटू देऊ?"

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आम्ही अजून त्या कर्जातच होतो. आणि तिथेच चक्र फिरलं. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचे टायर एका जागी चपटे व्हायला लागले. लोकांना गाडी स्टँडवर उचलून ठेवायची होती आणि बाहेरचा माणूस बोलवायचा नव्हता. डॉक्टर रोज दवाखान्यात जात होते, तरी रात्री आपल्या ओळखीच्या गाडीवाल्यांना आमचा नंबर देत होते. त्या पावसाळ्यात आम्ही जितके जॅक पाठवले तितके आधीच्या दोन वर्षांत मिळून विकले नव्हते. अण्णांचे पैसे २०२१ च्या दिवाळीला परत केले. त्यांनी मोजले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडून जाणारा प्रत्येक टॉर्क पाना आधी भोसरीला जाऊन येतो. दाखल्यावर त्याच पान्याचा नंबर असतो. त्यामुळे आमचा पाना महाग पडतो. पडू दे.

आणखी काही सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. बोल्ट पहिल्यांदा सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना, आणि शेवटचा टॉर्कही जमिनीवरच, समोरासमोरचे बोल्ट घेत. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. आट्यांना मनाने तेल लावू नका. तेल लागलं की तोच टॉर्क बोल्ट जास्त ताणतो. बाहेरची अलॉय घेतलीत तर बोल्टचं बूड, म्हणजे डोक्याखालचा चाकावर टेकणारा भाग, पाहा. पोर्शच्या मूळ बोल्टला गोल बूड असतं, बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूचं लागतं. गोल शंकूत बसवलं तर पाना बरोबर वाजेल आणि चाक तरी ढिलं राहील. पान्यावर दोन मापं छापलेली असतात, न्यूटन मीटर आणि फूट पाउंड. एकशे तीस फूट पाउंड म्हणजे एकशे शहात्तर न्यूटन मीटर. चुकीच्या बाजूला वाचून बोल्ट ताणणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत.

अण्णा आता फक्त शनिवारी येतात. भोसरीची फेरी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते आणि पाने तेच घेऊन जातात. वर्ष झालं असेल किंवा पाना हातातून पडला असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत दुकानात आणून द्या. पाना आमच्याकडून घेतलेला नसला तरी चालेल. फक्त स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर सैल करून, डबीसकट आणा.