शौलाची चिठ्ठी कुठे हरवली? शमुवेलमधल्या एका वचनाची पाठचिकित्सा: माझा अनुभव

हिब्रू बायबलच्या पाठचिकित्सेवर, म्हणजे पाठभेद ताडून मूळ पाठ ठरवण्यावर, पहिलं टिपण लिहायचं असेल तर उत्पत्ती या पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये, शमुवेलचं पहिलं पुस्तक घ्यावं. तिथला हिब्रू पाठ बराच झिजलेला आहे आणि ताडून पाहायला साक्षीही (जुनी हस्तलिखितं, अनुवाद) भरपूर आहेत. मी १४:४१ (अध्याय १४, वचन ४१) घेतलं. प्रसंग असा: लढाईच्या दिवशी काही खायचं नाही अशी शपथ इस्राएलाचा राजा शौल याने सैन्याला घातलेली, त्याचा मुलगा योनाथान मध चाखतो, मग देव शौलाला उत्तर देईनासा होतो. दोष कोणाचा, हे चिठ्ठ्यांनी ठरवायचं असतं. इथे हिब्रूत शौल एवढंच म्हणतो: ‘हे इस्राएलाच्या देवा, तामीम दे.’ तामीम म्हणजे निर्दोष, पूर्ण. निर्दोष काय द्यायचं? वाक्य अधांतरी राहतं. टिपणासाठी अशीच जागा शोधावी. जिथे हिब्रू सुरळीत वाचता येतं तिथे नवशिक्याने पाठभेद उकरत बसू नये.

हाताशी १९६८ ते १९७७ या काळात निघालेली हिब्रू बायबलची श्टुटगार्ट आवृत्ती (बीएचएस) होती. महाभारताची भांडारकर संस्थेची आवृत्ती माहीत असलेल्या मराठी वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो. पुण्याच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखितं ताडून स्वतःची संहिता सिद्ध केली. बीएचएसमध्ये तसं काही नाही. तिच्यात लेनिनग्राड कोडेक्स हे १००८ सालचं एकच हस्तलिखित, आज सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेलं, चुकांसकट छापलं आहे. संपादकाचं मत पानाच्या तळाशी, पाठभेदांच्या टिपांत असतं. म्हणून ‘बीएचएसचा पाठ असा आहे’ हे वाक्य पुरावा म्हणून लिहू नये. त्यातून एका हस्तलिखितात काय आहे एवढंच कळतं.

तळटिपा लॅटिन संक्षेपांत असतात. ‘प्रब’ म्हणजे बहुधा, ‘फ्रट’ म्हणजे कदाचित, ‘एल’ म्हणजे असं वाचावं, ‘डीएल’ म्हणजे गाळावं. ‘पीसी’ म्हणजे थोडी हस्तलिखितं, एरवी ३ ते १०; शमुवेलसाठी मात्र या आकड्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत, त्यामुळे सुरुवातीची संक्षेपसूची उघडीच ठेवावी. आणि टिपेवर थांबू नये. तीत साक्षीचा निर्देश असतो, साक्ष स्वतः वाचावी लागते. सेप्टुआजिंट, म्हणजे हिब्रू बायबलचा प्राचीन ग्रीक अनुवाद, उघडल्यावर तिथे शमुवेल सापडत नाही म्हणून लोक गांगरतात. त्या परंपरेत शमुवेल आणि राजे मिळून ‘राज्यांची’ चार पुस्तकं होतात, आपल्याला त्यातलं पहिलं हवं. वचनक्रमांकही सरकतात: हिब्रू २१:२ इंग्रजी भाषांतरांत २१:१ असतं.

ग्रीकमध्ये हेच वचन कितीतरी लांब आहे. ‘हे इस्राएलाच्या देवा, आज तू आपल्या सेवकाला उत्तर का दिलं नाहीस? हा दोष माझ्यात किंवा माझा मुलगा योनाथान याच्यात असेल तर, हे इस्राएलाच्या देवा, उरीम दे; आणि तुझ्या इस्राएल लोकांत असेल तर थुम्मीम दे.’ उरीम आणि थुम्मीम म्हणजे देवाचा कौल घेण्याच्या चिठ्ठ्या. तार्गुम, म्हणजे जुना अरामी अनुवाद, मात्र आखूड हिब्रूसोबत जातो. मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या शमुवेलच्या ४क्यूसॅम-ए या गुंडाळीत या वचनाचा तुकडा उरलेला नाही, तेव्हा तिची मदत नाही.

आता खरी मेहनत: ग्रीकवरून मूळ हिब्रू बांधून काढणं. सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते, कारण ग्रीक शब्दाला सुचेल तो हिब्रू प्रतिशब्द ठेवण्याचा मोह होतो. मी प्रत्येक शब्द शब्दसूचीत तपासला: याच पुस्तकाच्या ग्रीक अनुवादात तो आणखी कुठे येतो आणि तिथे हिब्रूत काय आहे? ‘देलूस’ हा शब्द २८:६ मध्येही येतो आणि तिथे हिब्रूत नि:संशय उरीम आहे. तेव्हा तो दुवा पक्का. ‘होसिओतेस’ म्हणजे पावित्र्य, याचा थुम्मीमशी संबंध लावणं तितकं सरळ नव्हतं, कारण निर्गम २८:३० मध्ये थुम्मीमसाठी ‘सत्य’ असा वेगळाच ग्रीक शब्द आहे. पण १ राजे ९:४ मध्ये हाच ‘होसिओतेस’ हिब्रू ‘तोम’साठी, म्हणजे थुम्मीमच्याच धातूतून आलेल्या शब्दासाठी वापरला आहे. अनुवादकासमोर त, म, य, म हीच अक्षरं होती असं मानायला एवढा आधार पुरतो. स्वरचिन्हं मसोरा पंडितांनी, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, कितीतरी शतकांनंतर घातली. शेजारचा उरीम गळून गेल्यावर त्या चार अक्षरांचं ‘तामीम’ असं वाचन होणं साहजिकच होतं.

गळण्याचं कारणही समोर दिसतं. लांब पाठात ‘इस्राएल’ तीनदा येतं. नक्कलकाराची नजर पहिल्या ‘इस्राएल’वरून तिसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर सुटला. लांब पाठ खरा मानावा यासाठी केवळ ‘अर्थ चांगला लागतो’ हे कारण मी कधीच पुरेसं धरत नाही. अर्थ सुधारणारे अनुवादक आणि नक्कलकारही असतातच. कारणं तीन हवीत: गळण्याची यंत्रणा, हिब्रूत परत नेता येणारी भाषा आणि आजूबाजूच्या वचनांशी मेळ. ४० व्या वचनात शौल लोकांना एका बाजूला आणि स्वतःला व योनाथानला दुसऱ्या बाजूला उभं करतो. दोन पर्यायांची चिठ्ठी त्यालाच जुळते. तरीही सगळे अभ्यासक लांब पाठ मूळचा मानत नाहीत, आणि टिपणात त्यांची बाजू मांडावीच लागते.

या वचनावर हात बसला की १०:२७ घ्यावं. पण तिथे तीच पद्धत तितकी साथ देत नाही. कुमरानची गुंडाळी (४क्यूसॅम-ए, इ.स.पू. पहिल्या शतकातली) इथे एक अख्खा परिच्छेद जास्तीचा देते: अम्मोन्यांचा राजा नाहाश इस्राएलाच्या गाद आणि रऊबेन या वंशांतल्या लोकांचे उजवे डोळे काढतो, सात हजार माणसं निसटून याबेश-गिलाद या गावात जातात. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या ग्रंथातही याच्याशी मिळतीजुळती हकिगत आहे. सेप्टुआजिंटमध्ये मात्र परिच्छेद नाही. पुढच्या वाक्यात हिब्रूत ‘तो गप्प बसल्यासारखा राहिला’ असं आहे, तर ग्रीक आणि गुंडाळी ‘सुमारे महिन्याने’ म्हणतात. हा दुसरा भेद सोपा आहे: हिब्रूतली ‘द’ आणि ‘र’ ही अक्षरं एकसारखी दिसतात, एवढ्याशा फरकाने ‘महिना’चं ‘गप्प’ होतं. परिच्छेदाचं तसं नाही. अभ्यासकांपैकी फ्रँक मूर क्रॉस त्याला मूळचा मानतात, अलेक्झांडर रोफे नंतरची भर. नजर कुठून कुठे घसरली हे इथे १४:४१ इतकं स्वच्छ दाखवता येत नाही, म्हणून मी तो मूळ संहितेत घेत नाही, कंसात ठेवतो.

गुंडाळीचे फोटो २०१२ पासून लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात मोफत पाहायला मिळतात, अवरक्त प्रकाशातलेसुद्धा. छापील आवृत्ती (२००५) वाचताना चौकोनी कंस पाहावेत. कंसातली अक्षरं चामड्यावर नाहीत, संपादकांनी भरलेली आहेत. अक्षरावर टिंब असेल तर ते बहुधा तेच आहे, बारीक वर्तुळ असेल तर नुसता अंदाज. कंसातला मजकूर पुष्कळदा ग्रीकच्याच आधारे भरलेला असतो. तो उचलून ‘कुमरानही ग्रीकला दुजोरा देतं’ असं लिहिलं की युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. परीक्षक ही चूक पहिल्यांदा पकडतात.

१३:१ ला मात्र हात लावून उपयोग नाही. हिब्रू म्हणतं की राजा झाला तेव्हा शौल एक वर्षाचा होता आणि त्याने दोन वर्षं राज्य केलं. आकडा गळाला हे उघड आहे. ग्रीकच्या बऱ्याच हस्तलिखितांत तर ते वचनच नाही, आणि काहींत मिळणारा ‘तीस’ हा आकडा कोणीतरी नंतर भरलेला वाटतो. मी तिथे ‘संख्या गहाळ’ एवढं लिहून १३:२ वर जातो.