धोंडूचं ताट

धोंडू आमच्याकडे आला तो लेट्यूसची चटक घेऊनच. हर्मन जातीचं कासव, वजन 180 ग्रॅम, नखरे मात्र किलोभर. आधीच्या घरी त्याला रोज आइसबर्ग लेट्यूसच मिळायचं. त्यात जवळजवळ 96 टक्के पाणी असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवडीने खातोय ना, मग झालं, म्हणून मीही तेच चालू ठेवलं.

पहिल्या तपासणीला डॉक्टरबाईंनी त्याची चोच न्याहाळली आणि विचारलं, "चावतो का हा?"

"नाही हो, अगदी गरीब आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना विचारायचं होतं की त्याला चावायला काही मिळतं का. कासवाला दात नसतात. चिवट, रेषाळ पाला ओढून तोडताना त्याची चोच झिजते. मऊ लेट्यूसवर ती झिजत नाही, नुसती वाढत राहते. धोंडूची वरची चोच पोपटासारखी खाली वळायला लागली होती आणि मी रोज समोर बसून त्याचं जेवण कौतुकाने बघत होते!

घरी येऊन जोरात अभ्यासाला लागले आणि पहिल्याच पेपरात नापास झाले. कागदावर हिशेब मांडला: 100 ग्रॅम आइसबर्गमध्ये कॅल्शियम साधारण 18 मिलिग्रॅम, पालकात 99. म्हणजे पालकच, दुसरं काय! डॉक्टरबाईंना फोन केला तर त्यांनी तिथल्या तिथे पालकावर काट मारली. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे कागदावरचं कॅल्शियम कासवाच्या अंगी फारसं लागतच नाही. बीटच्या पानांचंही तेच. मग केल आणि कोबी? त्यांच्यातली काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात आडवी येतात. अधूनमधून चालतील, रोज नकोत.

मी वैतागले. घालायचं तरी काय? बाई म्हणाल्या, निर्दोष पान शोधूच नका. प्रत्येकात काही ना काही खोट असते, एकच पान रोज पोटात गेलं की ती खोट साचत जाते. त्यापेक्षा पानं आलटून पालटून द्या. शिवाय नुसतं कॅल्शियम बघू नका, शेजारचं फॉस्फरसही बघा. कॅल्शियम निदान दुप्पट हवं. रोमेन लेट्यूसमध्ये 33 ला 30, म्हणजे बरोबरीच. डँडेलियन म्हणजे पिवळ्या फुलांचं एक रानटी तण, त्याच्या पानांत 187 ला 66. द्राक्षाच्या पानांत तर 363 ला 91, चौपट!

दुसऱ्या दिवशी ताटात नुसतं डँडेलियन आणि एन्डाइव्ह ही कडवट पालेभाजी. धोंडू आला, हुंगलं, पाल्यावरून रणगाड्यासारखा चालत गेला आणि कोपऱ्यात तोंड करून बसला. तीन दिवस असहकार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 180 वरून 176. चौथ्या दिवशी मीच शरण गेले.

मग कात्री काढली. लेट्यूस अगदी बारीक कापायचं, त्यात नवा पाला जेमतेम दहावा हिस्सा, तोही तितकाच बारीक, आणि सगळं ओलं करून कालवायचं. तरी पठ्ठ्या लेट्यूसची चिंधी चोचीत धरून मान झटकायचा आणि हिरवे कण भिंतीवर उडवायचा. ते पुसता पुसता लक्षात आलं की मी अजून पुरेसं बारीक कापत नाहीये. दर आठवड्याला नव्या पाल्याचा हिस्सा थोडा वाढवला. खरी मदत झाली ती जास्वंदीची. लाल रंग दिसला की त्याची मान लांब होते, मग एक पाकळी वर ठेवायची आणि खाली काय दडवायचं ते दडवायचं. सातव्या आठवड्यात लेट्यूस पाव हिश्शावर आलं होतं. त्यानंतर कापणं बंद करून अख्खी पानं द्यायला लागले, कारण ओढून तोडण्यातच तर सगळी मेख होती.

पाला आणायचा कुठून, हा वेगळाच घोर. रस्त्याकडेच्या तणावर धूर आणि फवारे. विकतच्या कुंडीतल्या रोपाला दिलेलं काही कीटकनाशक मुळांतून पानाच्या आत शिरतं, ते धुऊन जात नाही. म्हणून कुंड्यांत बी पेरलं: डँडेलियन, क्लोव्हर आणि इसबगोलाच्या कुळातलं रुंद पानांचं प्लँटेन. तुती आणि द्राक्षाची पानं ओळखीच्यांच्या न फवारलेल्या झाडांवरून येतात. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर चिमूटभर आणि कुरतडायला समुद्रफेनाचा तुकडा असतोच. मात्र यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, किंवा थेट ऊन नसेल तर ते कॅल्शियम अंगी लागत नाही.

चोच एकदा डॉक्टरबाईंनी घासून दिली, त्यानंतर गरज पडलेली नाही. परवा वजन 312 ग्रॅम भरलं. तुतीचं पान आता तो पुढच्या पायाखाली दाबून टराटरा फाडतो, आवाज दुसऱ्या खोलीपर्यंत येतो. केल मात्र अजूनही ताटाबाहेर ढकलतो. मी खाऊन बघितलंय, त्याला दोष देणार नाही.