विहिरीतले खडे ओळखताना

सिन्नर तालुक्यात मामाच्या शेतात विहिरीचं काम निघालं होतं. सुरुंग उडाल्यावर क्रेनने वर काढलेल्या कातळात एक मोठा दगड मधोमध दुभंगलेला होता आणि आतली पोकळी नुसती लखलखत होती. मामा म्हणाला, "गारगोट्या आहेत गं. ने हव्या तेवढ्या." पिशवीभर खडे वर्तमानपत्रात गुंडाळून मी नाशिकला आणले.

आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, अशा पोकळ्या का असतात हे मला ठाऊक होतं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर खडकात मुरलेल्या गरम पाण्यातली खनिजं त्या पोकळ्यांत हळूहळू साचत गेली. पण माझ्या हातातलं खनिज नेमकं कोणतं, हे कसं ठरवायचं?

पारदर्शक, टोकदार खडा मी आधी घेतला. क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच असणार, अशी खात्रीच होती. खनिजांची कठिनता 1 ते 10 अशा मोहस मापात मोजतात; क्वार्ट्झची कठिनता 7, काचेची साडेपाचच्या आसपास. म्हणजे काचेवर चरा उठला पाहिजे. जुन्या काचेच्या तुकड्यावर खडा दाबून ओढला. पांढरी रेघ उमटली. वहीत लिहून टाकलं: क्वार्ट्झ.

शेजारी राहणारे काका भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. संध्याकाळी त्यांना काच दाखवली. त्यांनी बोट ओलं केलं आणि रेघेवरून फिरवलं. रेघ गेली! खाली काच जशीच्या तशी, नखाला कुठे खाचही लागेना. "काच नाही कापली गेली बाळा, तुझ्या खड्याचाच चुरा सांडला तिच्यावर," काका म्हणाले. "आता चाकू घे." चाकूच्या टोकाने खड्यावर जोर देऊन ओरखडलं, तर बारीक चरा पडला. क्वार्ट्झवर चाकू चालत नाही.

मग खडा पुन्हा नीट पाहिला. क्वार्ट्झच्या स्फटिकाला सहा बाजू असतात. याला चारच होत्या, चौकोनी खांबासारख्या, आणि त्यांवर उभ्या बारीक रेषा. एका टोकाला तो तुटलेला होता. क्वार्ट्झ फुटला की शिंपल्यासारखा वळणदार फुटतो, त्याला शंखाभ भंजन म्हणतात. हा मात्र आडवा, सुरीने कापल्यासारखा सपाट तुटला होता. हे पाटन. बाकीच्या बाजू काचेसारख्या चमकत होत्या, पण या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी मऊ झळाळी होती. खिडकीपाशी धरून किती वेळ तो खडा मी नुसता फिरवत राहिले. या खनिजाला पूर्वी माशाच्या डोळ्याचा दगड म्हणत, ते का, हे तेव्हा समजलं. हा अपोफायलाइट होता.

तरी वजनाने पडताळा घ्यायचाच होता. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आहे माझ्याकडे. खडा भरला 31.0 ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात असा बुडवला की तळाला किंवा कडेला टेकणार नाही. आकडा आला 13.2, म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं: 2.35. अपोफायलाइटचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट तो जड, 2.3 ते 2.4 असतं, क्वार्ट्झचं 2.65. आता शंका उरली नाही.

बाकीचे भराभर उरकले. पिवळसर, तिरप्या चौकटीसारखा फुटणारा खडा चाकूने सहज कोरला गेला आणि काकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसला, कॅल्साइट. फिक्या गुलाबी रंगाचा, मध्ये बांधलेल्या पेंढीसारखा दिसणारा झुबका स्टिलबाइटचा. ह्यूलंडाइट हे दुसरं खनिजही तितकंच कठीण आणि त्याच्याही पाटनाच्या सपाट पृष्ठावर मोत्याची चमक, म्हणून इथे आकारच पाहावा लागतो. टाइलच्या खरबरीत मागच्या बाजूवर घासून कस, म्हणजे उमटणाऱ्या भुकटीचा रंगही पाहिला, पण या साऱ्यांचा कस पांढराच. ती परीक्षा कामाची ती लोहखनिजांना: हेमॅटाइट वरून कितीही काळा चकचकीत असला तरी कस तांबडाच देतो.

रंगावर मी शेवटपर्यंत काहीच ठरवलं नाही. अपोफायलाइट बिनरंगी असतो तसा हिरवाही असतो. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे.

पुढच्या खेपेला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन आमच्याच मातीतले हातभर मोठे नमुने पाहिले आणि मग मामाकडे गेले. त्याने आपला खडा देवळीत ठेवला होता. मी त्याला चार बाजू मोजायला लावल्या, तुटकी बाजू उन्हात धरायला सांगितली. "म्हणजे गारगोटी नव्हेच ही," म्हणत तो आणखी खडे शोधायला ढिगाकडे निघाला.

पिशवीतला एक दगड अजून बाकी आहे. त्यावर केसासारख्या पांढऱ्या सुयांचा गुच्छ आहे. स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट, तिघांच्याही सुया अशाच. चाकू लावला तर मोडतील, आणि वजन करायलाही सुट्या निघणार नाहीत. काका म्हणाले, यांच्यातला फरक क्ष-किरणांच्या तपासणीत कळतो. त्याच्या चिठ्ठीवर मी विहिरीची जागा आणि तारीख लिहिली आहे. नावाची ओळ कोरी आहे.