पी.ओ.च्या मागची बाजू

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हे रोजचं. जीव रमतो तो पोर्ट्रेटमध्ये. माणशी ३,५०० रुपये, हा हिशेब तोंडपाठ. त्यामुळं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, फोन आला, "बारा कामगारांचे फोटो, एक दिवस, किती घेणार?" तेव्हा मी माणशी दरानं गुणाकार केला, वर मोठं काम म्हणून सूट दिली आणि ३५,००० सांगून मोकळा झालो.

संध्याकाळी पुण्यातल्या सरांना आनंदानं फोन लावला. त्यांच्याच हाताखाली मी रिफ्लेक्टर धरायला शिकलो. ते एवढंच म्हणाले, "लावणार कुठं हे फोटो?"

विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. कॅलेंडर, वेबसाइट, प्रदर्शनातला स्टॉल, आणि कंपनीला पन्नास वर्षं होतात म्हणून हायवेला होर्डिंग. सरांनी मग १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ समजावलं : पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक फोटोग्राफर नव्हे, गिऱ्हाईक. चौदा वर्षं धंदा करतोय, हे मला ठाऊक नव्हतं. लग्नात गरजच पडत नाही, अल्बम गेला की विषय संपला. "आणि वापराची मुदत लिही," सर म्हणाले, "नाहीतर कायदा पाच वर्षं धरतो."

नवं कोटेशन असं : शूटिंग ३०,०००. कॅलेंडर, वेबसाइट, स्टॉल, भारतापुरतं, एक वर्ष ३०,०००. होर्डिंग एक, तीन महिने २५,०००. कॉपीराइट माझ्याकडं.

परचेसचे साहेब भडकले. साहजिक होतं, चूक माझीच. "काल पस्तीस, आज पंच्याऐंशी? माणसं आमची, पैसे आमचे, वर भाडं?"

"साहेब, होर्डिंगच्या जागेचं भाडं महिन्यावर देताच की. फोटोचंही तसंच."

पाच हजार तोडून ८०,०००ला जमलं. पण पी.ओ., म्हणजे कंपनीची परचेस ऑर्डर, आली आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं : या कामात तयार होणारं सगळं कंपनीच्या मालकीचं. कोटेशनमधल्या माझ्या ओळीवर तिथंच पाणी पडत होतं. मी कागद घेऊन समोर जाऊन बसलो. साहेबांनी निळ्या पेनानं ती अट खोडली, शेजारी दोघांनी सह्या केल्या. पुढच्या दिवसभराच्या शूटपेक्षा ती दोन मिनिटं जड गेली.

शूटला मोल्डिंग खात्यातले एक मामा सगळ्यात भारी निघाले. भुवयांत काळी वाळू, खिडकीतून तिरपा उजेड. तोंड पुसायला निघाले, मी हात धरला. संमतीपत्र मराठीत केलं होतं, तरी वाचून दाखवलं. होर्डिंगच्या ओळीला त्यांनी थांबवलं.

"हायवेला नको. निम्म्या गावाची उसनवारी हाय. कॅलेंडरला चालंल."

होर्डिंग अकरा जणांचं झालं. दहा टक्के टीडीएस कापून पैसे वेळेत आले, तक्रार नाही. चौथ्या महिन्यात किणी नाक्याजवळून जाताना बघतो तर फ्लेक्स तसाच झळकतोय. गाडी बाजूला घेऊन तारखेसह फोटो काढला आणि जास्तीच्या महिन्याचं बिल पाठवलं. तिसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. बिल अजून अकाउंट्सकडं आहे म्हणतात.